शेऱ्याचा रकाना

आमच्या धंद्यात पूर्वी कुठल्याही गोष्टीला सहा अक्षरांपेक्षा मोठं नाव ठेवायची सोय नव्हती. धंदा संगणकाचाच, पण मांडीवर घेऊन बसायच्या संगणकाचा नव्हे. आयबीएमचं एएस/400 नावाचं एक मध्यम बांध्याचं यंत्र असे. बँका, विमा कंपन्या, कारखाने, गोदामं यांचे हिशेब ते मुकाट्यानं करी. काळा पडदा, हिरवी अक्षरं, चोवीस ओळी आणि ओळीत ऐंशी अक्षरं, एवढाच त्याचा थाट. त्यावरचे प्रोग्रॅम आरपीजी नावाच्या भाषेत लिहायचे, आणि त्या भाषेच्या जुन्या अवतारात फील्डचं, म्हणजे माहितीच्या एकेका रकान्याचं, नाव जास्तीत जास्त सहा रोमन अक्षरांचं. साहजिकच पहिला बळी स्वरांचा जाई. कस्टमर नेम हा 'सीयूएसएनएम' होई आणि ड्यू डेट 'डीयूईडीटी'. काही वर्षांनी माणूस घरच्या किराणा यादीतही 'शेंगदाणे' पुरते लिहीनासा होतो.

मी मूळचा परभणी जिल्ह्यातला. प्रोग्रॅम कंपाइल होत असताना बसल्या बसल्या जिल्ह्यातल्या तालुक्यांवर हा सहा अक्षरांचा नियम लावून बघायचो. सेलू, पालम, पूर्णा ऐसपैस बसतात. पाथरी, मानवत, जिंतूर यांना रोमनमध्ये बरोब्बर सहा अक्षरं लागतात, ते काठोकाठ. सोनपेठचं एक अक्षर बाहेर राहतं. संत जनाबाईंच्या गंगाखेडातले सगळे स्वर काढले तर नेमकी सहा व्यंजनं उरतात: जी, एन, जी, के, एच, डी. वाचून दाखवा म्हटलं तर घशाला कोरड पडते, पण नियमात बसतं. खुद्द परभणी मात्र दोन अक्षरं कापल्याशिवाय आत येत नाही. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणणाऱ्यांना हे कळलं असतं तर फार आनंद झाला असता.

नाव बसलं की खरी कटकट सुरू. हा रकाना अक्षरांचा की आकड्यांचा? किती लांब? दशांशस्थळं किती? हे सगळं डीडीएस नावाच्या ठरावीक मांडणीत घराघरांतून लिहायचं. एकोणिसाव्या घरापासून नाव, तिसाव्यापासून चौतिसाव्यापर्यंत लांबी, पस्तिसाव्यात प्रकार, पुढच्या दोन घरांत दशांशस्थळं. लांबीचा आकडा उजव्या कडेला चिकटूनच पाहिजे. तो एक घर जरी डावीकडे सरकला तरी यंत्र ऐकून घेत नसे. त्या काळात मुंज झालेल्या मुलांनी संध्या शिकावी इतक्या सोवळ्यात आम्ही हे शिकलो.

शहाण्या कार्यालयांत मात्र प्रत्येकानं प्रत्येक वेळी हे नव्यानं ठरवायचं नसे. त्यासाठी 'फील्ड रेफरन्स फाइल' म्हणून एक वेगळी फाइल असे. तिची गंमत अशी की तीत माहिती काहीच नसते. एकही ग्राहक नाही, एकही पैसा नाही. असतात त्या नुसत्या व्याख्या. पॉलिसी नंबर म्हणजे किती आकडे, हप्ता म्हणजे किती आकडे आणि किती पैसे, हे तिथं एकदा ठरलं की बाकीच्या शेकडो फायलींनी एकोणतिसाव्या घरात एक 'आर' टाकायचा आणि गप्प बसायचं. त्या 'आर'चा अर्थ, 'तिथं जे म्हटलंय तेच इथं समजावं.' ज्या कचेरीत ही फाइल नीट सांभाळलेली असे तिथं भांडणं कमी होत. जिथं नसे तिथं एकाच ग्राहकाचं नाव एका फायलीत तीस अक्षरांचं, दुसरीत पंचवीस अक्षरांचं, आणि उरलेली पाच अक्षरं कुठे गेली याचा तपास दर तिमाहीला.

ही कल्पना ज्या यंत्रातून एएस/400कडे वारशानं आली ते सिस्टिम/38. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचं गाव आहे, तिथं ते जन्मलं. फायलीची व्याख्या प्रोग्रॅमच्या पोटात न ठेवता खुद्द फायलीजवळच ठेवायची, हा त्याचा मोठा गुण. ते जाहीर झालं 1978 साली. त्याच वर्षी आयबीएमनं भारतातला गाशा गुंडाळला होता. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते, परकी भांडवलाचा नवा कायदा होता, आणि कोका-कोलाच्या मागोमाग आयबीएमही गेली. 1988 साली एएस/400 बाजारात आलं तेव्हाही कंपनी आपल्याकडे परतलेली नव्हती. ती आली 1992 साली, टाटांचा हात धरून. म्हणजे व्याख्या लिहायची ही नवी शिस्त जगात आली तेव्हा ती आपल्या दारावरून पुढे गेली. आपलं अडलं मात्र नाही. कारण आपल्याकडे तलाठी होता.

हे मला फार उशिरा कळलं. पुण्यात बसून परदेशी लोकांच्या आयुर्विम्याच्या रकान्यांची उस्तवार करण्यात उमेदीची वर्षं गेली. आता गावाकडे असतो आणि घरच्या जमिनीचे कागद बघतो. आणि बघतो तर काय, ज्या शिस्तीसाठी आम्ही अमेरिकनांचं कौतुक करत होतो ती आमच्या चावडीवर केव्हाची नांदत होती! मुंबई इलाख्यातल्या अँडरसन नावाच्या सनदी अधिकाऱ्यानं महसुली हिशेबांचं एक मॅन्युअल लिहिलं. गावच्या पातळीवर कोणकोणत्या वह्या ठेवायच्या, कोणत्या वहीत कोणते रकाने, कोणत्या रकान्यात काय आणि ते कुठून उचलायचं, हे सगळं त्यात बांधून दिलेलं. गाव नमुना एक ते एकवीस. सहा नंबर फेरफाराचा, सात नंबर अधिकार अभिलेखाचा, आठ-अ खात्याचा, बारा नंबर पिकांचा. सहाची नोंद मंजूर झाल्याशिवाय सात बदलत नाही, आणि सातवरच्या नावापुढे ज्या फेरफारानं ते आलं त्याचा नंबर असतोच. आमच्या भाषेत याला ऑडिट ट्रेल म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात.

एवढं खरं की परभणीला हे मॅन्युअल जरा वळसा घालून आलं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आमच्यावर निजामाचं राज्य. आमचा महसूल कायदा 1317 फसलीचा आणि हक्कनोंदणीचा नियम 1358 फसलीचा. कागद उर्दूत, काही मोडीत. 1954-55चं खासरा पत्रक हा आजही मराठवाड्यातल्या जमिनीच्या दाव्यांत आजोबांसारखा येऊन बसणारा कागद. मग 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला, आणि मागोमाग मुंबईचे नमुने आमच्या गावांना लागू झाले. एका यंत्रावरची माहिती दुसऱ्या यंत्रावर न्यायची म्हटलं की आमच्या कंपन्या सल्लागार नेमतात आणि वर्षभर बैठका घेतात. इथं फसली सालातून इसवी सालात, उर्दूतून मराठीत आणि निजामाच्या रकान्यांतून अँडरसनच्या रकान्यांत अख्खा मुलूख हलवला, तोही बोरूनं.

आता फसली सालाचंच घ्या. त्यात ढोबळमानानं 590 मिळवले की इसवी सन येतो. हे ठाऊक नसलेल्या एखाद्या होतकरू प्रोग्रॅमरच्या हाती 1358 हा आकडा पडला, तर तो आमच्या आजोबांची जमीन बहमनी राज्यात नोंदवून मोकळा होईल. पण हसायचं कारण नाही. एएस/400 स्वतः काही कमी नव्हतं. वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं असेल तर ते 40 ते 99 ला 1940 ते 1999 समजतं आणि 00 ते 39 ला 2000 ते 2039. कुठंतरी रेघ मारायची म्हणून मारली. त्या हिशेबानं आमचे 1938 साली जन्मलेले मामा अजून जन्माला यायचे आहेत. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं. म्हंजी सोसायटीचं कर्ज बी अजून काढलं नसंल म्या."

रकान्याची व्याख्या चुकली की काय होतं हे बघायचं असेल तर जमिनीच्या क्षेत्राकडे बघावं. एकराचे चाळीस गुंठे. जुन्या कागदावर 3.39 लिहिलेलं असतं, ते तीन एकर एकोणचाळीस गुंठे. त्यात एक गुंठा मिळवला की चार एकर पुरे होतात. म्हणजे मधलं टिंब दशांशचिन्हासारखं दिसतं, पण असतं निराळंच. हा रकाना यंत्रात घालणाऱ्यानं जर नेहमीच्या सवयीनं 'पाच आकडे, पैकी दोन दशांश' असं सांगून टाकलं, तर यंत्र 3.39 मध्ये 0.01 मिळवून 3.40 असं उत्तर देईल आणि त्याला काहीच वावगं वाटणार नाही. वर तीन एकर पंचाहत्तर गुंठेही ते निमूट गिळेल. पंचाहत्तर गुंठ्यांचा एकर मराठवाड्यात कुणी पाहिलेला नाही, पण यंत्राला कोण सांगणार? रकान्याची लांबी बरोबर, प्रकार बरोबर, फक्त अर्थ चूक.

पुढे हेक्टर आणि आर आले. शंभर आरांचा हेक्टर, त्यामुळे टिंब एकदाचं खरोखरीचं दशांशचिन्ह झालं आणि यंत्राचा प्रश्न सुटला. माणसांचा सुरू झाला. आर म्हणजे शंभर चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे एकशे एक चौरस मीटरांहून किंचित जास्त. दोघांत फरक इतका थोडा की गावात आरालाही सर्रास गुंठाच म्हणतात. पण चार एकरांचे गुंठे होतात एकशे साठ आणि आर भरतात एकशे बासष्ट. "ह्ये दोन गुंठे कुठून आले?" असा प्रश्न ज्याच्या नावावर ते आले तो कधी विचारत नाही, शेजारचा विचारतो. बांधावरचे दोन गुंठे म्हणजे दोन पिढ्यांची सोय.

बारा नंबरच्या नमुन्यात एक रकाना मला फार आवडतो. पिकाखालचं क्षेत्र तिथं 'मिश्र' आणि 'निर्भेळ' असं वेगळं लिहायचं असतं. सोयाबीनच्या चार-सहा ओळींनंतर तुरीची एक ओळ टाकणारा आमचा शेतकरी एका दमात दोन पिकं घेतो, हे कुणीतरी ध्यानात घेऊन रकाना आखला होता. असा रकाना आखणारा माणूस टेबलाशी बसलेला असला तरी कधीतरी धुऱ्यावरून चाललेला असला पाहिजे. उलट, 'ज्वारी' लिहिलं की विषय संपला. परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली 'परभणी मोती' असो की घरच्या कणगीतलं बियाणं असो, वहीला सगळी ज्वारी सारखीच. भाकरीला मात्र फरक कळतो. पण भाकरीला विचारून व्याख्या ठरवण्याची पद्धत अजून कुठल्या कचेरीत नाही.

आता शेतकऱ्यानं स्वतःच मोबाइलवर पिकाचा फोटो काढून पेरा नोंदवायचा असतो. 2021 पासून राज्यभर ही ई-पीक पाहणी सुरू झाली. सोय चांगली आहे. फक्त पूर्वी तलाठ्याला बांधावरून ओरडून सांगता यायचं, "आप्पा, खालच्या अंगाला दोन ताटं हळदीचीबी हायत, लिवा!" आता यादीतून निवडायचं. यादीत नसलेलं पीक शेतात असू शकतं, यावर यंत्राचा विश्वास बसायला वेळ लागतो.

सगळ्यात जास्त हाल होतात ते नावाच्या रकान्याचे. व्याख्येप्रमाणे तिथं नाव यावं. पण सातबारा वाचायला घ्या, 'अमुक तमुक अ.पा.क. आई तमुकबाई' असं दिसेल. हे अ.पा.क. म्हणजे 'अज्ञान पालन कर्ता'. बाप वारला तेव्हा पोरगं सज्ञान नव्हतं, म्हणून आईचं नाव पालक म्हणून लावलं. पोरगं सज्ञान झालं की हा शेरा कमी करून घ्यायचा असतो. पोरगं सज्ञान होतं, शेरा मात्र होत नाही. आमच्या नात्यातले एक गृहस्थ नातवाला मांडीवर घेऊन पीककर्जाला गेले. टेबलामागच्या मुलानं उतारा वाचला आणि विचारलं, "पालक कुठं आहेत?"

"माय व्हय? ती वारून लई वरसं झाली."

"मग यात अज्ञान कोण आहे?"

"मीच की," गृहस्थ म्हणाले. "कागदावर अजून बी हाय."

तसाच दुसरा शेरा 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. सगळ्या भावांच्या वतीनं थोरल्याचं नाव लागायचं. आमच्या घराण्यात मॅनेजर ही पदवी मिळवलेले पहिले गृहस्थ माझे पणजोबा. त्यांना सही येत नव्हती. त्यांच्यानंतर ती पदवी मिळवायला मला एम.सी.ए. आणि बरीच खुशामत करावी लागली.

एका रकान्यात दोन गोष्टी कोंबायच्या नाहीत, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तो फक्त परीक्षेपुरता. परदेशातल्या ज्या कंपनीच्या पॉलिसी आम्ही सांभाळत होतो तिच्या फायलीत काही आडनावांपुढे एक टिंब असे. टंकताना चुकून पडलेलं वाटून आमच्यातल्या एका उत्साही मुलानं ती सगळी टिंबं पुसायचा प्रोग्रॅम लिहिला. चालवण्याच्या आदल्या दिवशी तिकडून एका बाईंचा फोन आला. त्या अनेक वर्षं तिथं नोकरीला होत्या. त्या म्हणाल्या, टिंबाचा अर्थ माणूस वारलाय, पण दाव्याचे पैसे द्यायचे राहिलेत. वारल्याची तारीख लिहायला फायलीत जागा ठेवलेली नव्हती, म्हणून कुणीतरी कधीतरी हे टिंब काढलं. कुठंही लिहिलेलं नव्हतं. त्या बाईंना ठाऊक होतं, एवढंच. आमची पुण्यातली सगळी टोळी, तिकडचं ते भलंमोठं यंत्र आणि पुसून जाणार होती ती मयत माणसं, असे सगळे मिळून त्या बाई रजेवर जाऊ नयेत यावर तगून होतो.

आपल्याकडे टिंबाचीही गरज पडत नाही. मयत माणूस सातबाऱ्यावर तसाच राहतो आणि वारस त्याच्या नावानं शेती करत राहतात. हे इतकं झालं की 2025 साली महसूल खात्याला वारसांच्या नोंदी लावायची राज्यभर मोहीम काढावी लागली. तिचं नाव 'जिवंत सातबारा'. इतकं नेमकं नाव आमच्या धंद्यात कुणाला सुचलं नाही. आम्ही याला 'डेटा क्लीन्सिंग' म्हणतो, म्हणजे काहीतरी भांडी घासल्यासारखं.

एएस/400चा एक गुण मात्र मान्यच केला पाहिजे. फायलीची व्याख्या बदलली आणि एखादा प्रोग्रॅम जुन्याच व्याख्येवर विसंबून असला, तर यंत्र त्याला ती फाइल उघडूच देत नाही. याला लेव्हल चेक म्हणतात. रकान्यांची नावं, लांबी, प्रकार, क्रम या सगळ्यांवरून ते एक खूण काढून ठेवतं, आणि प्रोग्रॅमच्या पोटातल्या खुणेशी ती जुळली नाही तर सरळ नकार. रात्री दोन वाजता हा नकार आला की माणूस यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. पण चुकीच्या रकान्यातून चुकीचा आकडा उचलून हजारो लोकांना चुकीचं बिल जाण्यापेक्षा तो नकार बरा. अर्थात, तपासणी बंद करायचीही सोय आहे, आणि घाईच्या कार्यालयांत ती बंदच असते.

व्यवहारात आपण सगळे ही तपासणी बंद ठेवूनच जगतो. 1 मे 1999 रोजी आमच्या जिल्ह्याची व्याख्या बदलली. हिंगोली वेगळा झाला. गाड्यांचा नंबर आमचा एमएच 22 राहिला, त्यांना एमएच 38 मिळाला, पण आधी घेतलेल्या ट्रॅक्टरांना हे कुणी सांगितलं नाही. ते हिंगोलीच्या रानात 22 घेऊनच नांगरत राहिले. लग्नपत्रिकांवर 'जि. परभणी' पुढं कितीतरी वर्षं छापून येत होतं. लेव्हल चेक चालू असता तर निम्मी लग्नं मोडली असती.

एक बारकावा आणखी. रकान्याचं आतलं नाव आणि वरचं मथळ्याचं नाव, ही दोन वेगळी असतात. मथळा कितीही वेळा बदला, यंत्राची खूण बदलत नाही आणि एकही प्रोग्रॅम अडत नाही. अलीकडे सरकारनं तलाठ्याला 'ग्राम महसूल अधिकारी' केलं. टेबलावरची पाटी बदलली, शिक्का बदलला. गावात कुणाचंही काहीही अडलं नाही, कारण लोक अजून "तलाठी आप्पा आलेत का?" असंच विचारतात. मथळा बदलला, रकाना तोच.

रिकाम्या रकान्याचं काय करायचं, यावर तर आमच्या धंद्यात हाणामाऱ्या होतात. काही नाही म्हणजे शून्य, की माहीत नाही, की विचारलंच नाही? आकड्यांच्या रकान्यात नुसती कोरी जागा सापडली तर आरपीजीचा प्रोग्रॅम धाडकन कोसळतो. आपल्या कचेऱ्यांनी हा तिढा 'निरंक' या एका शब्दानं सोडवला आहे. तक्रारी किती आल्या? निरंक. याचा अर्थ तक्रारी आल्या नाहीत, किंवा आल्या पण मोजल्या नाहीत, किंवा प्रपत्र आज संध्याकाळपर्यंत वर जायचं आहे. तिन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात आणि कुणीही कोसळत नाही.

आणि रिकामं सोडायचंच नसेल तर आधीच ठरवून ठेवलेली किंमत घालायची. डीडीएसमध्ये त्यासाठी वेगळा शब्द आहे. आमच्या शाळांमध्ये तोच 1 जून म्हणून ओळखला जातो. पोराला घेऊन आलेल्या बापाला जन्मतारीख सांगता येत नसे, मास्तर पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघत, आणि 1 जून लिहीत. त्या एका तारखेला मराठवाड्यात इतके लोक जन्मले आहेत की निवृत्तीचे नारळ आणि शाली एकदमच विकत घ्याव्या लागतात. बाहेरच्या एखाद्या विश्लेषकानं ही माहिती पाहिली तर सप्टेंबर महिन्याविषयी तो भलतेच निष्कर्ष काढेल.

मग व्याख्या करूच नयेत का? तसं नाही. व्याख्या नसती तर जमीन आमची आहे हे सांगायला निजामाच्या वेळचा साक्षीदार शोधावा लागला असता. 2020 साली सातबाऱ्याचा नमुना सुधारला तेव्हा गावाच्या नावाजवळ त्याचा कोड आला, लागवडीचं क्षेत्र आणि पोटखराब यांची बेरीज मांडली गेली, खाते नंबर नावाच्या शेजारी आला. वाचणाऱ्याचे कष्ट खरंच कमी झाले. एका नावाची पाच गावं असलेल्या मुलखात तो कोड म्हणजे उपकारच. रकाना लहान असल्यानं फारसं बिघडत नाही. तो तसा का आखला, हे सांगणारा निवृत्त होतो आणि मागं काही लिहून ठेवत नाही, तिथून बिघडायला सुरुवात होते. डीडीएसमध्ये प्रत्येक रकान्यापुढं त्याचा अर्थ लिहायला पन्नास अक्षरांची जागा असते. मी माझ्या आयुष्यात हजारो रकान्यांच्या व्याख्या वाचल्या. बहुतेकांपुढं ती जागा कोरी होती. उरलेल्यांत 'फ्लॅग 2' नावाच्या रकान्याचा अर्थ 'दुसरा फ्लॅग' असा दिलेला होता. पन्नास अक्षरांत एका माणसानं 'टिंब म्हणजे मयत' एवढं लिहिलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. जागा वरती उरलीच असती.

आणि कितीही नीट व्याख्या केल्या तरी माणसं त्यांतून उतू जाणारच, हे ओळखून सातबाऱ्यानं एक रकाना राखलाय. 'इतर अधिकार', गावच्या बोलीत 'इतर हक्क'. सातबारा हातात आला की मी आधी तिथं बघतो. सोसायटीचा बोजा तिथं. सामाईक विहिरीतला हिस्सा तिथं. वरच्या शेताला जायची वाट तिथं. कुळाचं नाव तिथं. आणि कितीतरी जुन्या उताऱ्यांवर बहिणींची नावंही तिथंच. भाऊ भोगवटादाराच्या रकान्यात आणि बहिणी इतर हक्कांत, विहिरीच्या आणि बोज्याच्या मधोमध. कायद्यानं मुलीचा हिस्सा मान्य केला तरी वहीत तिला कुठं बसवायचं हे घरचेच ठरवत होते. एका कुटुंबाची जमीन किती ते सातबाऱ्याच्या डाव्या बाजूवरून कळतं, ते कुटुंब कसं आहे ते या रकान्यावरून.

त्यामुळे हल्ली कुणी तरुण मुलगा नवं सॉफ्टवेअर करताना मला विचारतो, "काका, सगळ्याला ड्रॉपडाउन दिलाय, शेऱ्याचा रकाना काढून टाकू का? लोक त्यात काय वाट्टेल ते लिहितात," तेव्हा मी त्याला सांगतो, म्हणूनच काढू नकोस. तुझ्या व्याख्या कुठं कमी पडल्या ते लोक तिथं तुला फुकट लिहून देतायत. वर्षातून एकदा तो रकाना नीट वाच आणि त्यातलं जे वारंवार दिसेल त्याला स्वतःचा रकाना दे. लांबी भरपूर ठेव. मराठीत टंकता येईल असं बघ. फक्त तो सक्तीचा करू नकोस. सक्ती केलीस की त्यातही लोक 'निरंक' लिहितील.